वर्गात अडलेला प्रश्न आणि हातातला मोबाईल: नाशिक जिल्ह्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

तिसरीतल्या एका मुलाने पाटीवर ५२ वजा २८ बरोबर ३६ असं मांडलं होतं. मी तेव्हा पेठ तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत होते आणि दुसरे सर त्या दिवशी मीटिंगला गेले होते. मी त्याला तीनदा हातचा समजावला. तिन्ही वेळा उत्तर ३६. संध्याकाळी सावळघाट ओलांडल्यावर रेंज आली, तेव्हा बसमध्ये बसल्या बसल्याच त्या पाटीचा फोटो मी एका शिक्षक ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "हा मुलगा नेमकं काय करतोय?"

बागलाणमधल्या एका सरांचं उत्तर आलं. "मॅडम, पाटी बाजूला ठेवा. त्याला विचारा, तुझ्याकडे ५२ रुपये होते, २८ रुपयांची वही घेतली, किती उरले?"

दुसऱ्या दिवशी विचारलं. तो थोडा वेळ बोटांशी खेळला आणि म्हणाला, "चोवीस." मग पाटीवर छत्तीस कसे आले? "बाई, तुम्हीच सांगितलं ना, मोठ्यातून लहान वजा करायचं." २ आणि ८ मध्ये ८ मोठा, म्हणून आठातून दोन गेले, सहा उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले. त्याने माझं वाक्य तंतोतंत पाळलं होतं. ते वाक्य मी वर्षभर वर्गात म्हणत होते.

ज्या शिक्षकाला मी आजपर्यंत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, त्याने दोन ओळींत माझ्या शिकवण्यातली चूक मला दाखवून दिली. पवित्र पोर्टलमधून, म्हणजे राज्याच्या ऑनलाईन शिक्षक भरतीतून, नव्याने लागलेले शिक्षण सेवक विचारतात, "मॅडम, कोणते ग्रुप जॉईन करू?" तेव्हा मला हीच पाटी आठवते. ग्रुप कोणता, हा प्रश्न नंतरचा. क्रम कसा लावायचा, ते सांगते.

आधी फोन आवरा

नोकरी लागल्यावर महिन्याभरात तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा), तालुक्याचा, शालेय पोषण आहाराचा, यू-डायसचा (शाळेची आकडेवारी भरण्याचा), संघटनेचा, डीएड बॅचचा असे दहा-पंधरा ग्रुप होतात. "माहिती आज दुपारी ३ पर्यंत भरावी" हे तिथे कळतं, आणि ते कळायलाच हवं. पण शिकण्यासाठी त्या ग्रुपवर विसंबू नका. विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी असलेल्या ग्रुपवर कुणीही आपल्या वर्गातली अडचण मोकळेपणाने मांडत नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नाही. ती जागा कामकाजाची आहे.

म्हणून कार्यालयीन ग्रुप चॅट यादीत वर पिन करा. बाकीचे कायमचे म्यूट करून अर्काईव्हमध्ये टाका. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, आणि तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही. फोटो-व्हिडिओ आपोआप डाऊनलोड होणं बंद करा. सहा आकडी पिनचं टू-स्टेप व्हेरिफिकेशनही आत्ताच सुरू करा. ते कशासाठी, ते पुढे येईल. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात.

आणखी एक सोय फार कमी जण वापरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. तीच तुमची वर्गाची वही समजा. दिवसभरात जे अडलं ते मधल्या सुट्टीत तिथे एका ओळीत लिहून ठेवा. "चौथी, दोन मुली 'श' आणि 'ष' सारखेच वाचतात." "पहिलीतलं नवं मूल घरी कोकणा बोलतं, माझी सूचना कळत नाही." आठवड्याभरात सात-आठ ओळी जमतील. त्यातली एक निवडा. पुढचं सगळं त्या एका ओळीवर चालणार आहे.

कुठे काय मिळतं

चार-पाच माध्यमं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सगळीकडे खाती उघडायची गरज नाही. दोन पुरे.

व्हॉट्सअ‍ॅप आपल्या हातात बसलेलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत एससीईआरटीची, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज याच वाटेने मुलांपर्यंत जात होती, आणि आपल्यातल्या अनेकांनी हे माध्यम अभ्यासासाठी पहिल्यांदा तेव्हाच वापरलं. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. तरी माझा अनुभव असा की शिकण्यासाठी आठ ते बारा जणांचा ग्रुप सर्वांत चांगला. माणसं ओळखीची असली की "मला हे येत नाही" असं लिहायला हात अडखळत नाही. त्याची अडचण एकच. चांगला मेसेज दोन दिवसांत वाहून जातो. म्हणून कामाचा मेसेज दिसला की लगेच त्याला स्टार करा.

टेलिग्राम साठवणीसाठी उत्तम. मोठ्या फाईली जातात, अ‍ॅडमिनने इतिहास उघडा ठेवला असेल तर नव्या सदस्यालाही जुनं सगळं शोधता येतं, आणि मोबाईल नंबर लपवता येतो. शिक्षिकांनी ही शेवटची सोय जरूर वापरावी. तिथे पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफही फिरतात, पण त्या ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर अधिकृतपणे मोफत आहेत. तिथूनच घ्या, म्हणजे जुनी आवृत्ती हाती येणार नाही.

फेसबुकवर शिक्षकांचे मोठे ग्रुप आहेत. ग्रुप सार्वजनिक असेल तर सामील होण्याआधी, नाहीतर सामील झाल्यावर लगेच, ग्रुपच्या आतल्या शोधपट्टीत तुमच्या आठवड्याच्या ओळीतला शब्द टाका: 'वजाबाकी', 'जोडाक्षर', 'बहुवर्ग'. खाली प्रतिसादांत शिक्षक एकमेकांशी बोलताना दिसले तर तिथे थांबा. नुसत्या पुरस्कारांच्या आणि अभिनंदनाच्या पोस्ट दिसल्या तर पुढे चला.

यूट्यूबवर पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण तिथे पाहणं हेही एक काम आहे. 'तिसरी गणित' असं शोधलं की मुलांसाठी केलेले व्हिडिओ येतात. तुम्हाला हवं असतं दुसरा शिक्षक कसा शिकवतो ते. म्हणून 'वर्गाध्यापन', 'पाठ', 'शैक्षणिक साहित्य' हे शब्द जोडून शोधा. व्हिडिओ दोनदा बघा. पहिल्यांदा शिक्षकाकडे, दुसऱ्यांदा आवाज बंद करून मुलांकडे. दुसऱ्या वेळी कळतं की शेवटच्या रांगेतलं मूल काय करत होतं. चांगला सापडला तर स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये ठेवा, आणि पेठ-सुरगाण्याकडे जाणार असाल तर घरूनच डाऊनलोड करून न्या.

इन्स्टाग्रामच्या रील्सबद्दल माझं मत थोडं कडक आहे. सजवलेला फळा, रंगीत तोरणं, एका सुरात उत्तर देणारी मुलं हे बघायला छान वाटतं, पण चुकलेलं उत्तर तिथे कधी दिसत नाही. शिकायला तेच तर हवं असतं. नवं लागलेलं माणूस रील बघून मनातून खचतं, असं मी पाहिलं आहे. निदान पहिलं वर्ष तरी तिकडे फार वेळ घालवू नका.

आणि दीक्षा, शासनाचा ऑनलाईन शिक्षण मंच. हे समाजमाध्यम नव्हे, पण शिक्षकाच्या फोनमध्ये ते असायलाच हवं. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेल्या या मंचावर निष्ठा या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचे अभ्यासक्रम आहेत आणि पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळतं. ग्रुपवरच्या चर्चेचं प्रमाणपत्र मिळत नाही. दीक्षावर निपुण भारतचा (लहान वर्गांतलं पायाभूत वाचन-गणित पक्कं करण्याची मोहीम) एखादा भाग करायचा आणि तो आपल्या वर्गात बसतो का यावर ग्रुपमध्ये बोलायचं, अशी सांगड घातली की दोन्हींचा उपयोग होतो.

विचारायचं कसं

नवे शिक्षक सर्वाधिक चुकतात ते इथे. "तिसरीच्या मुलांना गणित येत नाही, उपाय सुचवा." याला उत्तर येतं, "सराव घ्या सर," आणि खाली पाच अंगठे. विचारणाऱ्यालाही काही मिळत नाही, सांगणाऱ्यालाही.

प्रश्नात पाच गोष्टी आल्या की उत्तरं बदलतात. इयत्ता आणि पट. मुलाने नेमकं काय लिहिलं किंवा काय म्हटलं. तुम्ही काय करून पाहिलं. तुमच्याकडे साहित्य काय आहे. आणि तुम्हाला हवं काय आहे. माझा त्या दिवशीचा प्रश्न आज लिहायचा तर असा लिहीन:

"तिसरी, पट ११. एक मुलगा ५२ − २८ = ३६ लिहितो, पाटीचा फोटो सोबत. हातचा तीनदा फळ्यावर समजावला, फरक नाही. मणीमाळ नाही, तुराट्या भरपूर आहेत. त्याचा विचार कुठे अडतोय आणि उद्या पहिल्या तासाला काय करू?"

फोटो या प्रश्नाचा जीव आहे. मुलाचं हस्ताक्षर, खाडाखोड, अर्धवट पुसलेला आकडा यातून अनुभवी शिक्षक जे वाचतो ते आपण शब्दांत सांगू शकत नाही. फक्त फोटो काढताना नाव, हजेरी क्रमांक आणि शाळेचं नाव दिसणार नाही असं बघा. वहीच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला तरी चालतं.

प्रश्न रात्री आठ-साडेआठला टाका. तेव्हा लोक निवांत असतात. शनिवारी सकाळच्या शाळेनंतरची दुपारही चांगली. एका दिवसात उत्तर आलं नाही तर एकदाच नम्रपणे आठवण करा. कुणी उत्तर दिलं तर त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, नाव घेऊन धन्यवाद द्या. आपल्याकडे वडीलधाऱ्या शिक्षकांना 'सर', 'मॅडम', 'गुरुजी' म्हणण्याची रीत आहे, ती मोबाईलवरही सोडू नये. आणि दोघांची उत्तरं परस्परविरोधी असली तर त्यांना झुंजवू नका. दोन्ही उपाय दोन दिवस करून बघा, वर्गच सांगेल.

करून बघा आणि परत कळवा

वजाबाकीच्या त्या प्रसंगात पुढे काय झालं ते सांगते. त्याच सरांच्या सांगण्यावरून तुराट्यांचे बोटभर तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. मुलासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "यातल्या आठ सुट्या मला दे." त्याने दोन दिल्या आणि थांबला. मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मला फार जड गेलं. मिनिटभराने त्याने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. आठ दिल्या, चार उरल्या. मग दोन गठ्ठे दिले, दोन उरले. "चोवीसच की!" म्हणून तो हसला. नंतर पाटीवर पाच खोडून चार लिहिताना त्याला माझ्या 'हातचा' या शब्दाची गरजच पडली नाही.

मी हे सगळं, माझ्या गप्प राहण्यासकट, ग्रुपवर लिहिलं. त्याच आठवड्यात निफाडच्या एका मॅडमनी कळवलं की त्यांच्या वर्गात चार मुलं हेच करत होती आणि त्यांनी द्राक्षाच्या रिकाम्या खोक्यात गठ्ठे मांडून हाच प्रयोग केला. मोठ्यातून लहान वजा करायचं हे वाक्य आपण सगळेच वापरतो, हे त्या निमित्ताने पंधरा-वीस शिक्षकांच्या लक्षात आलं.

म्हणून परत कळवणं ही पायरी वगळू नका. जमलं तर लिहा, फसलं तर जास्त सविस्तर लिहा. ज्या ग्रुपवर लोक विचारतात पण परत सांगत नाहीत, तिथे उत्तरं देणारे हळूहळू मुके होतात.

आपल्या जिल्ह्यात देण्यासारखंही पुष्कळ आहे. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झालेलं. त्याच्या जवळच्या शाळेने हिवाळ्यात पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी टाकल्या तर मालेगावचा शिक्षक परिसर अभ्यासात त्या वापरेल. मालेगावच्या यंत्रमागाबद्दल मुलांनी लिहिलेलं येवल्याच्या पैठणीशेजारी ठेवलं तर एकाच जिल्ह्यातलं दोन तऱ्हांचं विणकाम वर्गात येतं. लासलगावच्या कांदा लिलावावर क्विंटल आणि भावाची गणितं घरबसल्या तयार होतात. कोकणा बोलणाऱ्या मुलांसाठी शब्दसूची हवी असेल तर ती सुरगाणा, कळवण, पेठच्या शिक्षकांनी आणि तिथल्या पालकांनी मिळून केलेलीच विश्वासाची.

मुलांचे फोटो

इथे मी स्वतः चुकले आहे. वाचन स्पर्धेत पहिली आलेल्या मुलीचा फोटो मी तिच्या नाव-गावासकट फेसबुकवर टाकला. मला अभिमान वाटत होता. चौथ्या दिवशी तिची आई शाळेत आली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मला विचारायचं होतं." घरात एक वाद चालू होता आणि ती माय-लेक कुठे राहतात हे काही लोकांना कळू नये असं तिला वाटत होतं. मी तिच्यासमोर पोस्ट काढली. तोवर ती किती जणांनी पाहिली, कुणी पुढे पाठवली, ते मला कधीच कळणार नाही.

वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची संमती हवी. पण कायद्याच्या आधी त्या आईचं वाक्य लक्षात ठेवा. जूनमध्ये पालकसभेत लेखी संमती घ्या, कोणत्या माध्यमावर आणि कशासाठी ते मराठीत स्पष्ट लिहा, आणि जो पालक नाही म्हणेल त्याच्या मुलाला वेगळं वाटेल असं काही करू नका. बहुतेक वेळा चेहऱ्याची गरजच नसते. हात, वही, पाटी, पाठमोरी मुलं एवढ्यात शिकवणं दिसतं. मुलाची चूक दाखवणाऱ्या फोटोत तर चेहरा कधीही नको.

आधार क्रमांकांच्या याद्या, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल नंबर असलेली एक्सेल फाईल ग्रुपवर टाकण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. तुम्ही तरी ती लावून घेऊ नका. ज्याला हवी त्याला एकट्याला पाठवा.

स्वतःचा पाठ चित्रित करायचा असेल तर फोन आडवा धरा, पुस्तकांच्या चळतीला टेकवा, पत्र्याच्या शाळेत पावसात चित्रीकरण करू नका, आणि तीन मिनिटांत एकच गोष्ट दाखवा. यूट्यूबवर सुरुवातीला 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसेल. व्हिडिओ शिक्षकांसाठी असेल तर 'मेड फॉर किड्स' निवडू नका, कारण त्यात प्रतिसाद बंद होतात आणि आपल्याला हवे असतात ते प्रतिसादच.

शासन निर्णय, अफवा आणि फसव्या फाईली

सुट्ट्या, बदल्या, पेन्शन यांबद्दल रोज काहीतरी फिरतं. शासन निर्णय म्हणून आलेल्या पीडीएफच्या शेवटी संकेतांक असतो. अठरा आकडी, आणि सुरुवातीचे आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे. तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या शोधात टाका. सापडला तर खरा. नाही सापडला तर पुढे पाठवू नका, मग तो कितीही मोठ्या माणसाकडून आलेला असो.

'वेतन यादी', 'बदली यादी' अशा नावाची पण शेवटी 'एपीके' लिहिलेली फाईल आली तर उघडायची नाही. ती यादी नसते, ते अ‍ॅप असतं, आणि ते फोनमधले ओटीपी वाचू शकतं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला सांगितलेला सहा आकडी पिन यासाठी, की ओटीपी चोराच्या हाती लागला तरी तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याला सहज दुसऱ्या फोनवर सुरू करता येऊ नये.

आपण सेवेत आहोत हेही ध्यानात ठेवा. शासनाने २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत सूचना काढल्या आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्यात येतात. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवणं, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका टाळणं अशा त्या सूचना आहेत. ग्रुपवरचा सारांश नको, मूळ निर्णय एकदा स्वतः वाचा.

वेळ किती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा आहे. रोज १५ मिनिटं, शाळेचे २०० दिवस धरले तर बरोबर ५० तास होतात. तेवढीच द्या. अलार्म लावा, संपला की फोन ठेवा. वर्ग चालू असताना फोन हातात नको.

आणि जे मोबाईलवर मिळालं ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत घेऊन जा. केंद्रप्रमुखांना आधी सांगून दहा मिनिटं मागा. तुराट्यांचे गठ्ठे पिशवीत घालून मी गेले होते, तेव्हा निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी ते हातात घेतले आणि सुट्यांसाठी वेगळ्या रंगाचा दोरा वापरण्याची युक्ती सांगितली. त्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता. त्यांची युक्ती मी त्याच रात्री ग्रुपवर, त्यांचं नाव घालून टाकली, आणि सकाळी बागलाणच्या सरांचा मेसेज होता: "गुरुजींना विचारा, भागाकाराला काय वापरतात?"